पाऊल आधी, वजन मागून

एका पायावर उभं राहून पँट चढवणं चाळिशीपर्यंत कुणाच्या ध्यानातही येत नाही. पुढे कधीतरी हात आपसूक कपाटाकडे जातो. मग पलंगावर बसूनच कपडे घालायची सवय लागते, जिना उतरताना कठडा सुटत नाही, एसटीच्या शेवटच्या पायरीवर पाऊल जमिनीचा अंदाज घेत घुटमळतं. आपण 'वय झालं' म्हणतो आणि विषय संपवतो. ताकदीसाठी व्यायामशाळा आहे, दमासाठी सकाळचं फिरणं आहे, अंग मोकळं राहावं म्हणून आसनं आहेत; तोल मात्र उपजत असतो आणि वयाबरोबर जातो, अशी आपली समजूत. तोलाचाही सराव करता येतो. त्यासाठीचे जे प्रकार मला माहीत आहेत, त्यांत चीनची ताई ची ही सर्वांत बारकाईनं घडवलेली पद्धत आहे असं माझं मत आहे. ती शरीराकडून नेमकं काय करून घेते, ते सावकाश पाहू.

ताई ची मुळात लढण्याची विद्या. हनान प्रांतातल्या चेनजियागोउ या खेड्यात सतराव्या शतकात चेन वांगतिंग यांच्यापासून ती सुरू झाली असं मानतात. यांग लूचान (१७९९–१८७२) त्या गावी राहून ती शिकले आणि पुढे त्यांनी ती बीजिंगमध्ये शिकवली. त्यांचे नातू यांग चेंगफू (१८८३–१९३६) यांनी तिला आजचं संथ, ऐसपैस हालचालींचं रूप दिलं. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगानं याच यांग शैलीवर बेतलेला २४ हालचालींचा एक सोपा क्रम तज्ज्ञांकडून बांधून घेतला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत केला तर पाच-सहा मिनिटांत होतो. आज चीनमध्ये आणि चीनबाहेरही नवख्याला बहुधा हाच शिकवतात, म्हणून इथलं सगळं त्याच्याच आधारानं सांगतो. युनेस्कोनं २०२० मध्ये ताई चीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, हे जाता जाता. आणि शरीरात वाहणाऱ्या 'ची' नावाच्या शक्तीबद्दल जुने शिक्षक भरभरून बोलतात. ती मानली काय आणि न मानली काय, पायांचं शिक्षण अडत नाही. तेव्हा तिला इथे हात लावत नाही.

आधी तोल कसा राहतो ते. पायांत खांद्यांएवढं अंतर ठेवून, अनवाणी, भिंतीजवळ उभे राहा आणि डोळे मिटा. क्षणभरातच तळव्यांखाली काहीतरी सरकताना कळेल. दाब कधी टाचेकडे जातो, कधी चवड्याकडे, कधी करंगळीच्या कडेला. आपण ज्याला स्थिर उभं राहणं म्हणतो ते असं आहे: शरीर घोट्यांवर हलकेच डोलत असतं आणि पोटऱ्यांचे स्नायू ते डोलणं सतत आवरत असतात. डोलणं जास्त झालं की कमरेतून झुकून सावरलं जातं. तेही पुरलं नाही तर पाऊल टाकावं लागतं. पाऊल वेळेवर पडलं नाही की माणूस पडतो.

हे सावरण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून खबर येते. डोळे सांगतात की समोरची चौकट सरळ आहे की कलली आहे. आतल्या कानात प्रत्येक बाजूला तीन अर्धगोल नळ्या आणि दोन छोट्या पिशव्या असतात. डोकं वळलं, वाकलं, पुढे ढकललं गेलं की त्या कळवतात. तिसरी खबर तळव्यांची कातडी, घोट्याचे सांधे आणि स्नायू यांच्याकडून येते: वजन कुठे आहे, सांधा किती वाकलाय, स्नायू किती ताणलाय. वय वाढतं तशी ही तिसरी खबर अंधूक होत जाते. मधुमेहानं तळव्यांच्या नसा बधिर झाल्या असतील तर फारच. मग माणूस नकळत डोळ्यांवर विसंबतो. दिवसाउजेडी चालून जातं, पण रात्री दिवा न लावता न्हाणीघराकडे निघालं की डोळेही कामाचे राहत नाहीत. दोन नंबरांचा चष्मा लावून जिना उतरणाऱ्यालाही हीच अडचण: खालच्या पायरीकडे बघताना नजर जवळच्या नंबरातून जाते आणि पायरीची कड पुसट दिसते.

आता चालणं. उभ्या माणसाच्या वजनाचा मध्य साधारण बेंबीच्या थोडा खाली, पोटाच्या आत असतो. तिथून ओळंबा सोडला आणि तो दोन्ही पावलांनी व्यापलेल्या जागेत पडला तर माणूस उभा राहतो. चालताना मात्र हा ओळंबा त्या जागेच्या पुढे निघून जातो आणि पुढचं पाऊल त्याला जाऊन झेलतं. म्हणजे नेहमीच्या चालीतलं प्रत्येक पाऊल हे वेळीच अडवलेलं पडणं असतं. त्यातही साधारण ८० टक्के वेळ आपण एकाच पायावर असतो. वेग असतो म्हणून हे निभावतं. पुढचं पाऊल ओल्या फरशीवर किंवा उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर पडलं तर मात्र वजन आधीच निघालेलं असतं. ते मागे बोलावता येत नाही.

ताई ची हा क्रम उलटा करते. आधी रिकामं पाऊल ठेवायचं, मग वजन न्यायचं. पाऊल टेकल्यावरही ते परत उचलता आलं पाहिजे, ही खूण. ते उचलता आलं नाही, तर वजन आधीच पुढे सांडलेलं होतं. माझ्या मते ताई चीच्या तोलाचं सगळं गुपित या एका अटीत आहे, हातांची सुंदर वळणं वगैरे नंतर. बागेत ताई ची करणारा गट दिसला तर आपली नजर हातांकडे जाते. शिकायचं असेल तर ती घोट्यांकडे वळवावी.

पहिला धडा नुसतं उभं राहण्याचा. ऐकायला सोपं, पण आपल्याला उभं राहणं शाळेत 'सावधान' म्हणून शिकवलं गेलंय आणि ते इथे उपयोगाचं नाही. सावधानमध्ये गुडघे मागे कुलूप लावल्यासारखे ताठ, छाती पुढे, खांदे मागे, श्वास धरलेला. गुडघे असे अडकवले की सगळं काम घोट्यांवर पडतं आणि कंबर पुढे ढकलली जाते. पोटऱ्या हलल्या नाहीत की रक्त पायांतच साचतं. स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात एखादा मुलगा भोवळ येऊन पडतो त्यात उन्हाइतकाच या उभं राहण्याचाही वाटा असतो.

ताई चीतलं उभं राहणं असं: पावलं समांतर, मध्ये खांद्यांएवढं अंतर. गुडघे ताठ नाहीत, मुद्दाम वाकवलेलेही नाहीत; नुसते सोडलेले. मग दोन्ही जांघांची घडी, म्हणजे पाय जिथे धडाला मिळतो ती पुढची रेष, जराशी आत जाऊ द्यायची, उंच स्टुलावर टेकायला निघाल्यावर जाते तशी. ही घडी पडली की माकडहाड आपोआप खाली सोडलं जातं आणि कमरेचा फाजील बाक कमी होतो. नितंब आवळून किंवा पोट आत ओढून हे साधायला जाऊ नये. आवळलेल्या कमरेला डोलणं आवरता येत नाही. बरगड्या सोडा. खांदे मागे न खेचता खाली सोडा, कोपरं जड होऊ द्या. काखेत एखादं अंडं मावेल एवढी पोकळी ठेवा.

राहिलं डोकं. माणसाच्या डोक्याचं वजन साडेचार ते पाच किलो भरतं. मोबाइलात बघत पोक काढून बसणाऱ्याचं हे ओझं मणक्याच्या पुढे लोंबतं आणि मानेच्या मागचे स्नायू दिवसभर ते ओढून धरतात. 'ताठ बस' असं आई ओरडली की आपण छाती काढतो. डोकं होतं तिथेच राहतं. ताई चीत सूचना वेगळी असते: टाळूला दोरा बांधून कुणीतरी वरून हलकेच उचलून धरलंय असं समजा. टाळू वर गेली की हनुवटी किंचित आत येते, मानेची मागची बाजू लांबते आणि डोकं खांद्यांच्या वर परत येतं. तोलाशी याचा संबंध सरळ आहे. आतल्या कानातली ती यंत्रणा डोक्यात आहे. डोकं सपाट आणि शांत असेल तर तिची खबर स्वच्छ येते. पावलांकडे बघत चालणाऱ्याचं डोकं कललेलं असतं, वर पाच किलो वजन पुढे गेलेलं असतं. म्हणून नजर समोर, डोळ्यांच्या उंचीवर. पावलं कुठे आहेत हे तळव्यांनी सांगायचं.

असं दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की मांड्या कुरकुरू लागतात. तेवढं चांगलं. गुडघा दुखू लागला तर मात्र तो जास्त वाकलाय किंवा आत पडलाय, वर या. आणि श्वासाची कवायत सुरुवातीला करूच नये. नाकानं, आपल्या लयीत चालू द्यावा. हालचाल संथ झाली की तोही खोल होतो.

दुसरा धडा वजन सरकवण्याचा. त्याच उभ्या अवस्थेतून सगळं वजन हळूहळू डाव्या पायावर न्या. घाई होते ती इथे. बहुतेक जण खांदा डावीकडे कलवतात आणि वजन गेलं असं समजतात. धड कलवायचं नाही. ओटीपोट आडवं सरकवायचं, डोकं त्याच उंचीवर राहील असं. डावा तळवा पसरतोय, पाचही बोटं जमिनीला टेकलीत, अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या मुळाशी आणि टाचेवर दाब सारखा आहे, हे पाहा. उजवा पाय तिथेच आहे, पण त्याच्यात भार नाही. एका क्षणी तो पाय न झटकता, न ढकलता वर उचलता येईल असं वाटतं. तिथे थांबा, मग परत. चिनी शिक्षक पायाला 'भरलेला' आणि 'रिकामा' म्हणतात. यांग चेंगफूंनी सांगितलेल्या दहा मुख्य नियमांत भरलेलं आणि रिकामं वेगळं ओळखणं हा एक आहे. दोन्ही पायांवर निम्मंनिम्मं वजन ठेवून सदोदित उभं राहणाऱ्याला कुठलाच पाय चटकन हलवता येत नाही, हे बसच्या गर्दीत धक्का बसला की कळतं.

संथपणाचं काम काय, तेही इथेच समजतं. वजन भर्रकन नेलं तर मधल्या कच्च्या जागा वेगाच्या भरात निघून जातात. लंगडी आठवा: लंगडी घालणारी मुलगी एका पायावर अंगणभर धावते, पण तिला मध्येच 'थांब' म्हटलं की दुसरा पाय टेकतो. तिचा तोल उड्यांच्या लयीत असतो. हळू केलं की वेगाचा आधार जातो आणि तेवढा वेळ सगळा भार वाकलेल्या गुडघ्याच्या मांडीवर राहतो. त्यामुळे संथ चालीत एका फटक्यात दोन गोष्टी होतात. मांड्या आणि नितंबांचे स्नायू बळकट होतात, आणि मेंदूला तळव्याची खबर वाचायला वेळ मिळतो. वृक्षासनाशी तुलना नेहमी केली जाते. वृक्षासन चांगलंच आहे, पण त्यात एका जागी ठरायचं असतं. माणसं मात्र बहुधा एका पायावरून दुसऱ्यावर जाताना पडतात, वळताना पडतात, खुर्चीतून उठता उठता पडतात. ताई चीचा सगळा वेळ या मधल्या जागेत जातो.

आता प्रत्यक्ष पाऊल. २४ हालचालींच्या क्रमात सुरुवातीचं हात उचलणं झालं की लगेच एक हालचाल येते, तिचं नाव 'रानघोड्याची आयाळ दोन्हीकडे सारणं'. तीत आपण तीनदा पुढे सरकतो. एकच पाऊल धीरानं पाहू.

वजन सगळं उजव्या पायावर. डावा पाय उजव्या घोट्याजवळ, बोटं जेमतेम टेकलेली. उजवी जांघ घडी घालून थोडं खाली बसा. आता डावा पाय समोर आणि किंचित डावीकडे न्या, टाच टेकवा. नुसती टाच, अंड्याचं कवच फुटू नये इतकी हलकी. इथे वर सांगितलेली परीक्षा द्या: टाच परत उचलता येते का? येत नसेल तर पाऊल फार लांब टाकलंय किंवा उजवा पाय आधीच सरळ झालाय. पाऊल आखूड करा. नवख्याचं पाऊल लहानच हवं, फोटोतल्यासारखं लांब नको.

टाच ठरली की तळवा पसरा, मग बोटं. आता मागच्या पायानं जमीन हळूच दाबत वजन पुढे येऊ द्या. पुढचा गुडघा वाकतो आणि पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेनं जातो. पायाच्या बोटांपुढे जाऊ द्यायचा नाही, आत अंगठ्याकडे पडू द्यायचा नाही. साधारण ७० टक्के वजन पुढे आलं की पुरे. मागचा पाय जवळजवळ सरळ, पण अडकवलेला नाही. त्याचं पाऊल तिरकं, सुमारे ४५ अंशांवर. या अवस्थेला धनुष्याची बैठक म्हणतात.

इथे एक बारीक चूक नव्यानं शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडून होते. दोन्ही पावलं एका रेषेत येतात, डोंबाऱ्याच्या दोरीवर चालल्यासारखी. मग तोल डुगडुगतो आणि माणूस आपल्याला तोलच नाही असं ठरवून मोकळा होतो. दोन टाचांमध्ये आडवं अंतर एक-दोन विती तरी हवं. पाऊल टाकतानाच ते थोडं बाजूला टाकायचं असतं. टाकून झाल्यावर सरकवता येत नाही.

पुढचं पाऊल घ्यायचं तर आधी मागे यायचं. वजन मागच्या पायावर परत न्या, पुढच्या पायाची बोटं उचला, कंबर डावीकडे वळवा. बोटं तिच्याबरोबर बाहेर वळतील. मग बोटं खाली, वजन पुढे, आणि मागचा पाय हळूच पुढच्या घोट्याजवळ. सगळं वजन पुढच्या पायावर असताना पाऊल वळवलं तर पीळ गुडघ्यात जातो. गुडघा बिजागरीसारखा वाकतो, वळणं त्याला फारसं जमत नाही. ताई ची करून गुडघे दुखावल्याची तक्रार करणाऱ्यांचं बहुधा इथे चुकलेलं असतं, नाहीतर हौसेनं फार खाली बसण्यात. वळायचं ते जांघेतून आणि कमरेतून. हातही कमरेच्या वळण्याबरोबर जातात, वेगळे ओढायचे नसतात.

ही चार-सहा पावलं घराच्या पॅसेजमध्येही बसतात. आख्खा क्रम पाठ करण्याआधी एवढंच पुष्कळ दिवस करावं, असं मी सांगेन. व्हिडिओवरून २४ च्या २४ हालचाली आठवडाभरात शिकणारे भेटतात. त्यांना क्रम येतो, पाऊल येत नाही. व्हिडिओत शिक्षकाचा चेहरा आपल्याकडे असेल तर डावं-उजवं उलटं होतं ते वेगळंच. पाठमोरा शिक्षक असलेला निवडावा.

बाकीच्या हालचालींत याच गोष्टी वेगवेगळ्या दिशांना होतात. 'ढगांसारखे हात' मध्ये आडवं चालायचं असतं, कंबर डावीकडून उजवीकडे वळत राहते आणि नजर वरच्या हाताबरोबर फिरते. म्हणजे डोकं वळत असताना पाय सावरायला शिकतात. रस्ता ओलांडताना मान वळवून गाड्या बघणाऱ्याला याचीच गरज असते. 'माकडाला मागे सारणं' या हालचालीत उलटं चालायचं: रिकामा पाय मागे, आधी बोटं टेकतात, मग टाच, मग वजन. डोळ्यांना मागचं दिसत नाही, त्यामुळे सगळा भरवसा तळव्यावर. मला वाटतं पूर्ण क्रमातली ही सर्वांत उपयोगी हालचाल आहे, कारण आपण रोजच्या जगण्यात मागे पाऊल टाकायचं जवळजवळ सोडूनच दिलेलं असतं. फ्रीजचं दार उघडताना किंवा खुर्ची ओढताना ते अचानक टाकावं लागतं तेव्हा गडबड होते. एका पायावरचा कोंबडा सगळ्यांना ठाऊक असतो, छायाचित्रांत तोच दिसतो. तो मागून येतो. पाय नीट 'भरता' आला की दुसरा उचलला जातोच. उचलण्यासाठी धडपडावं लागत असेल तर दुसऱ्या धड्याकडे परत जावं.

याचा पडण्यावर परिणाम होतो का, हे मोजलं गेलं आहे. अमेरिकेत अटलांटा इथे स्टीव्हन वुल्फ आणि सहकाऱ्यांनी सत्तरीपुढच्या २०० जणांचे तीन गट केले. एकाला १५ आठवडे ताई ची, दुसऱ्याला संगणकाला जोडलेल्या हलत्या पाटावर तोलाचा सराव, तिसऱ्याला नुसती माहितीची सत्रं. १९९६ साली निकाल आले: ताई चीच्या गटात वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी कमी झाला होता. मला यातली पुढची गोष्ट जास्त रंजक वाटते. त्यांच्यातल्या काही जणांचं उभं राहतानाचं डोलणं मोजलं, तेव्हा संगणकाच्या गटाचं डोलणं कमी झालेलं दिसलं, ताई चीवाल्यांचं फारसं नाही. पडणं मात्र ताई चीवाल्यांचं कमी झालं, आणि पडण्याची भीतीही. ते काही खांबासारखे निश्चल झाले नव्हते. डोलूनही सावरत होते.

नंतर ऑरेगनमध्ये फूझोंग ली यांनी कंपवाताच्या १९५ रुग्णांवर केलेलं काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. तोल राखण्यात ताई चीचा गट वजनांचा व्यायाम आणि ताण देण्याचे व्यायाम या दोन्ही गटांपेक्षा सरस ठरला. २०१८ मध्ये त्यांच्याच चमूनं पडण्याचा धोका असलेल्या, सत्तर आणि त्यापुढच्या ६७० जणांचा अभ्यास मांडला. तोलासाठी खास बेतलेली ताई ची करणाऱ्यांचं पडणं, नुसते ताण देणाऱ्यांच्या तुलनेत ५८ टक्क्यांनी कमी होतं. सगळ्या प्रकारांचा मिश्र व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेतही ३१ टक्क्यांनी कमी. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले की आकडा बराच खाली येतो. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात ताई चीमुळे पडण्याचं प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी घटलेलं दिसतं, आणि तो पुरावाही फार पक्का नाही असं तिथे नोंदवलंय. तरीही औषधाची गोळी नाही, यंत्र नाही, तेव्हा १९ टक्के मला थोडे वाटत नाहीत. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की ली यांच्या दोन्ही अभ्यासांत लोक आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी तासभर, २४ आठवडे सराव करत होते. पंधरा दिवसांत फरक पडेल असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं.

घरी सुरू करायचं तर सामान काही लागत नाही. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून करू नये. अनवाणी किंवा पातळ, सपाट तळाचे बूट. जाड फोमच्या स्पोर्ट्‌स शूजमध्ये तळव्याला जमीन कळत नाही. मधुमेहानं पाय बधिर असतील तर मात्र अनवाणी नको आणि सरावानंतर तळवे आरशात तपासावेत. तोल आधीच कच्चा असेल त्यांनी ओट्याशेजारी किंवा दोन खुर्च्यांच्या मध्ये करावं, हात ओट्यावर किंवा खुर्चीच्या पाठीवर टेकवून नव्हे तर वर अधांतरी ठेवून, लागला तर टेकवता येईल असा. वारंवार गरगरत असेल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावं. गरगरण्याचं कारण कानात किंवा रक्तदाबाच्या गोळीत असेल तर ते ताई चीनं जाणार नाही.

या सगळ्याच्या पुढचा एक टप्पा आहे तो एकट्यानं होत नाही. त्याला 'हात ढकलणं' म्हणतात. दोघं समोरासमोर उभे राहतात, मनगटं एकमेकांना टेकवतात आणि गोल फिरवत राहतात. एक हळूच ढकलतो, दुसरा त्या ढकलण्याला अडवत नाही, कमरेनं वळून वाट देतो आणि वजन मागच्या पायावर घेतो. ताठ राहून अडवणारा लगेच उखडला जातो, आणि ढकलण्याच्या नादात ज्याचा ओळंबा पुढच्या पायाबाहेर गेला तोही. एकट्यानं करताना चुकलेलं पाऊल लपून जातं, इथे ते समोरच्याच्या मनगटाला लगेच कळतं. त्यामुळे पावलं जरा बसली की सोबतीला कुणीतरी शोधावं, आणि पहिले काही महिने तरी ते जाणत्या शिक्षकाच्या देखत करावं.